मागावरची चाल
नव्या चादरीची घडी मोडली की खळीचा वास येतो आणि मला आमचा साठच्या दशकातला गिटारचा बँड आठवतो. सुट्टीला चादरींच्या कारखान्यातले माग बंद असले की तिथल्याच शेडमध्ये आम्ही तिघं वाजवायचो. मागाच्या खटखटीवर मी एक चाल बांधली होती. गणपतीत ती पहिल्यांदा स्टेजवर वाजवायची होती, पण आमचा गिटारवाला आलाच नाही. तेवढ्यात शेजारच्या मंडळाच्या कर्ण्यातून तीच चाल घुमली. “आपलीच हाय की ही!” ड्रमवाला ओरडला. धावत गेलो, तर गिटारवाला नवा कोट घालून मोठ्या ऑर्केस्ट्रात उभा. “चाल माझी स्वतःची हाय,” तो माइकवर म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागला. मी खालून त्याला शिव्या हासडत होतो, माझा उजवा पाय मात्र बेशरमपणे ताल धरत होता. आता त्याच पायाचा गुडघा दुखतो. दुखू दे की!