कान चांगले आहेत

पोरगी बहिरी निघावी म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं. आईने असलं मागणं मागावं का, असं कुणाला वाटलं तर वाटू दे. बहिरेपणाला निदान मशीन असतं.

मुलीचे वडील इकडे गुजरातेत, पांडेसऱ्याजवळ कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात कामाला. उमेदीची सगळी वर्षं त्या खडखडाटात गेली, निम्मे कानही तिथेच गेले. आमच्या चाळीत घरोघरी हेच. आम्ही भांडतोय की गप्पा मारतोय, हे गुजराती शेजाऱ्यांना कळत नाही. आमच्याकडे हळू बोलणं म्हणजे न बोलल्यात जमा. त्यामुळे पोरगी चालायला, धावायला लागली तरी हाकेला वळेना, तेव्हा माझ्याशिवाय कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "बापवर गयी शे पोर. जोरमा बोल."

मग काय, सगळं घर जोरात बोलायला लागलं. दीर तर तिच्या कानाशी तोंड नेऊन तिचं नाव ओरडायचे. ती कान दाबून पलंगाखाली शिरायची आणि आम्ही खूश, की थोडं तरी ऐकू गेलं वाटतं! दुसऱ्या दिवशी आवाज आणखी चढायचा.

शेवटी कानाची तपासणी ठरली. झोपेचं औषध पाजून तिच्या डोक्याला वायरी चिकटवल्या. आम्ही दोघं बाहेर बाकावर. माझे बेत सुरू झाले होते. मशीन केसांखाली झाकलं जाईल का, शाळेत पोरं ओढतील का, अंघोळीच्या वेळी काढून कुठे ठेवायचं. किती तरी दिवसांनी मला बरं वाटत होतं. तपासणारी बाई हसतच बाहेर आली. "कान तो एकदम सरस छे, बेन."

ह्यांना ते ऐकूच गेलं नाही. मलाच ओरडून सांगावं लागलं, "कान चांगले आहेत तिचे!" सगळा व्हरांडा आमच्याकडे बघायला लागला. ह्यांनी हात जोडले.

घरी येताच सासूबाईंनी चाळभर पेढे वाटले. मी मोरीत नळ सोडून रडत बसले. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "तिले आयकू येस ना! मंग रडस कसाले?"

तिला ऐकू येत होतं, हेच तर रडण्याचं कारण होतं. माझी प्रत्येक हाक तिच्यापर्यंत पोचत होती आणि तरी ती वळत नव्हती. याला कुठलं मशीन लावायचं?

पुढे मुलांच्या वाढीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते बराच वेळ नुसते तिच्याकडे बघत बसले. ती बाटलीचं झाकण फिरवत होती, त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. मग त्यांनी हिंदीत सावकाश समजावलं. शब्द एकच लक्षात राहिला, ऑटिझम. गोळी आहे का विचारलं, तर नाही म्हणाले. शिकवावं लागेल, वेळ लागेल, किती ते सांगता येणार नाही. आणि मोठा आवाज तिला सोसत नाही, घरात हळू बोलत जा. मला हसूच फुटलं. हळू बोला, असं लूमवाल्याच्या घराला सांगणारा हा पहिलाच माणूस. हसता हसता कधी रडायला लागले, कळलं नाही.

घरी हे मी ह्यांना खाणाखुणा करून सांगितलं. त्यांनी ते फार मनावर घेतलं. पाळीवरून आले की हातपाय धुऊन तिच्याजवळ बसतात आणि हळू आवाजात तिला हाक मारतात. पण हळू म्हणजे किती हळू, हे त्यांना उमगत नाही. स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत नाही, तर अंदाज कसा येणार? नुसते ओठ हलतात, आवाज मुळी निघतच नाही. ती तिकडे पाठ करून झाकण फिरवत असते.

"आज ऐकलं का गं तिनं?" ते मला लांबूनच विचारतात.

मी मान डोलावून हो म्हणते.