माझी शपथ आहे तुला

माझा डावा पाय स्कीइंगमध्ये मोडला नाही. अमेरिकेतल्या आमच्या बेलव्ह्यू गावातल्या अर्ध्या मराठी घरांना हे सांगून मी दमले, पण कोणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं. ऑगस्टमध्ये कुठला आलाय बर्फ? पाय मोडला तो मंगळागौरीत. भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, गुळगुळीत लाकडी जमिनीवर फुगडी घालताना समोरचीचे हात सुटले आणि मी थेट भिंतीपर्यंत गेले. करंगळीमागचं हाड कटकन वाजलं, ते गाण्यांच्या गलक्यातही मला ऐकू आलं.

तरी भेटायला येणारी प्रत्येक मैत्रीण तेच म्हणायची, "वाटलंच होतं. स्कीइंग कशाला यार या वयात?"

आता, त्याआधीच्या दोन हिवाळ्यांत मी स्कीइंग शिकले होते, हे खरं. एकेचाळिसाव्या वर्षी. दर शनिवारी लेकीला क्लासला डोंगरावर न्यायचं आणि बाकीच्या आयांबरोबर जाकिटं सांभाळत बसायचं, याचा मला वीट आला होता. मग एके दिवशी जाकिटं बाकावर ठेवली आणि मोठ्यांच्या क्लासमध्ये नाव घातलं. पडले, रडले, एकदा तर वर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीवरून उतरताना अशी कोसळले की माझ्यापायी अख्खी लिफ्ट थांबवावी लागली. पण दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी सोप्या उतारावरून न पडता खाली आले, तेव्हा जे वाटलं ते नोकरीत बढती मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं. मी नागपूरच्या उन्हात वाढलेली, शाळेत खेळाच्या तासाला हमखास पोट दुखणारी मुलगी. आयुष्यात कोणी सांगितलं नसताना मी केलेली ही एवढी एकच गोष्ट होती.

ऑक्टोबरमध्ये आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली, सोबत डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. तोवर कुबड्या गेल्या होत्या, पण पाय अजून गुडघ्यापर्यंत येणाऱ्या जाड बुटात होता. मी ऑफिसची चाकांची खुर्ची स्वयंपाकघरात आणून तिच्यावर बसून ओटा ते फ्रिज अशा फेऱ्या मारत होते. आईने पहिल्याच दिवशी ती खुर्ची बाहेर काढली आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. संध्याकाळी ती माझं पाऊल मांडीवर घेऊन तिळाचं तेल चोळायची. मला ते फार आवडायचं. अशीच एकदा तेल चोळता चोळता म्हणाली, "माझी शपथ आहे तुला. परत त्या बर्फावर जायचं नाही."

"आई, पाय फुगडीत मोडलाय."

"त्या घसरगुंडीने हाड आधीच खिळखिळं केलं होतं. फुगडीचं नुसतं निमित्त झालं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही आणि शपथ मोडल्याने कोणाला काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आईची शपथ मोडायची माझी छाती नव्हती. लहानपणी आम्हा भावंडांत एकाने शपथ घातली की त्यानेच 'सुटली' म्हणेपर्यंत ती सुटायची नाही. मग 'सुटली म्हण ना, सुटली म्हण' करत दिवसभर त्याच्या मागे लागायचं. आता या वयात मी आईच्या मागे लागले. चिडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. तिने लाडू पुढे केला.

व्यायाम मात्र मी सोडला नाही. पायाच्या बोटांनी गोट्या उचलून वाटीत टाकायच्या आणि दात घासताना एका पायावर उभं राहायचं. पहिल्या दिवशी डाव्या पायावर चार आकडे मोजेपर्यंत बेसिन धरावं लागलं. डिसेंबरमध्ये दात घासून, चूळ भरून झाली तरी मी आपली उभीच. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल स्की करा. त्यांची परवानगी मिळाली, आईची काही मिळेना.

जानेवारीत एका शनिवारी आई आमच्याबरोबर डोंगरावर आली. तिला बर्फ बघायचा होता. सलवार-कमीजवर माझं जुनं जाकीट घालून ती तिथल्या कॅन्टीनमध्ये खिडकीशी चहा पीत बसली. मी शेजारी. पुन्हा तोच बाक, मांडीवर पुन्हा जाकिटं. समोर तो माझा उतार दिसत होता आणि मला तो बघवत नव्हता. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच राग येऊन मी म्हणाले, "फुगडीत पाय मोडला, तर फुगडीची शपथ का नाही घातलीस?"

आईने कप खाली ठेवला. मग उठलीच.

"चल. फुगडी घाल माझ्याशी. बघू पाय काय म्हणतो ते."

बाहेरच्या लाकडी कट्ट्यावरचा बर्फ मीठ टाकून काढलेला होता. सहासष्ट वर्षांच्या आईने हातमोजे खिशात कोंबले, हातांची कात्री केली आणि माझे हात घट्ट धरले. "रेल मागे. अशी भिऊन नाही होत फुगडी." ऑगस्टपासून मला भीती होती ती फुगडीचीच, हे मला तिथे कळलं. पहिला फेरा मी जेमतेम पावलं टाकत घेतला. दुसऱ्या फेऱ्याला आईने वेग वाढवला. मग डोंगर, झाडं, खांद्यावर स्की घेऊन थबकलेली माणसं, सगळंच फिरायला लागलं. मी हसत होते. आईला धाप लागली तेव्हा थांबलो. तिचे हात सुटले नव्हते आणि माझा पाय दुखला नव्हता.

"जा," ती म्हणाली.

लेकीचा क्लास संपल्यावर मी स्की भाड्याने घेतल्या आणि तिच्याबरोबर लिफ्टने वर गेले. आमच्याकडे दोन वॉकी-टॉकी होते. एक माझ्या खिशात, दुसरा आईजवळ. वर पोचले आणि उताराच्या तोंडाशीच थांबले. उजवीकडे वळायचं तर सगळा भार डाव्या पायावर टाकावा लागतो. त्यात आई नुसतं 'जा' म्हणाली होती, 'सुटली' म्हणालीच नव्हती.

"मॉम, आर यू गोइंग ऑर नॉट?" लेक कंटाळली होती.

मी वॉकी-टॉकी काढला. "आई, सुटली म्हण."

खरखर झाली. "काय? वर काय करून राहिली तू?"

"शपथ, आई! सुटली म्हण!"

पुन्हा खरखर. मग तिचा आवाज आला, "सुटली. सुटली गं बाई. ये आता."

मी स्वतःला लोटलं. पहिलं वळण डावीकडे, ते सोपं होतं. मग उजवीकडचं आलं. श्वास रोखून सगळा भार डाव्या पायावर टाकला. हाड टिकलं. मी वळले! पुढच्या वळणाला वेग वाढवला, त्याच्या पुढच्याला आणखी, आणि आनंदाने इतकी मोठ्याने ओरडले की लेक मागून म्हणाली, "मॉम, स्टॉप, पीपल आर लुकिंग."

लोक बघेनात का. बोलताना बटण दाबायचं हे लेकीने आजीला शिकवलं होतं, पण या वेळी आजी ते सोडायला विसरली होती. माझ्या खिशातून तिचा आवाज उतारभर माझ्याबरोबर येत राहिला. खाली शेजारी उभ्या असलेल्या कोणा अमेरिकन माणसाला ती चक्क मराठीत सांगत होती, "ती बघा, निळ्या टोपीवाली. माझी मुलगी. पाय मोडला होता तिचा, फुगडीत. आता बघा कशी सुटलीय!"