दारावर बसायचं राहिलं होतं

आमच्या गावात माणूस गेलं की लोक दारावर येतात. सांत्वन हा पुस्तकातला शब्द. गावात म्हणतात, दारावर जाऊन यायचंय. येणारा ओट्यावर बसतो आणि काही विचारत नाही. घरातलं वडीलधारं माणूस थोड्या वेळानं आपणहून सांगायला लागतं, दुखणं कधी सुरू झालं, कुठं नेलं, शेवटचं काय बोलणं झालं. सांगून झालं की कोरा चहा होतो आणि येणारा उठतो. उठताना 'येतो' म्हणायचं नसतं. अशा कामासाठी त्या दारी पुन्हा येणं नको, म्हणून मुकाट्यानं चपला घालायच्या आणि निघायचं.

माझे पती करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले तेव्हा आमच्या दारावर कोणी आलं नाही.

ते जालन्याच्या दवाखान्यात गेले. अंत्यविधीही तिकडेच झाला, अंगभर प्लास्टिकचे झगे घातलेल्या माणसांनी केला आणि मी लांबून पाहिला. गावात परतले तर गल्लीच्या तोंडाशी आडवे बांबू बांधलेले होते. शेजारणीनं पिठलं-भाकरी भिंतीवर ठेवली, आवाज दिला आणि मागे सरली. तिचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसायचे. दहावा झाला, तेरावा झाला, बांबू निघाले, तरी ते बसायचे. रस्त्यानं कोणी चाललं की मान वर करायचे. जाणारा लांबूनच हात जोडायचा आणि पुढे जायचा. लेक कसा गेला हे मामांना कोणाला तरी सांगायचं होतं. मला सांगून उपयोग नव्हता. मी तर तिथेच होते.

मी घनसावंगीच्या एका शाळेत मराठी शिकवते. तेव्हा शाळा बंद होत्या. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायची आणि एकेका पानावर सकाळ जायची. वाचन दुःख कमी करतं असं लोक म्हणतात. माझा अनुभव एवढाच की, पुस्तक हातात असलं म्हणजे घरातली माणसं आपल्याला काही विचारत नाहीत आणि त्या दिवसांत तेवढं पुरेसं होतं.

गावातल्या राजकारणाचं इथं सांगायला हवं. त्याच वर्षी जानेवारीत ग्रामपंचायतीची निवडणूक झाली होती. आदल्या उन्हाळ्यात पुण्याहून परतलेल्या पोरांना याच गावानं वेशीवर अडवून शाळेच्या खोल्यांत ठेवलं होतं आणि जानेवारीत त्याच पोरांना मतदानाला आणायला दोन्ही पॅनलनं जीपगाड्या पाठवल्या. मामांचं पॅनल थोडक्यात पडलं. सरपंचपद बाईला सुटलं होतं, ते समोरच्या पॅनलमधल्या एका सुनेकडे गेलं. तिचे सासरे मामांच्याच वयाचे. तरुणपणी दोघांनी एका विहिरीवर मोटा हाकलेल्या. निकालाच्या दिवशी गुलालाची मिरवणूक आमच्या घरासमोर आली तेव्हा जरा जास्त वेळ थांबली, जरा जास्त वाजली. तेव्हापासून हे दोघे म्हातारे एकमेकांना पाहून रस्ता बदलत.

लस गावात आली तीसुद्धा या दोन पॅनलच्या मधोमध येऊन उभी राहिली. पहिला कॅम्प शाळेत ठेवला. फाटकावर निवडून आलेल्यांच्या हात जोडलेल्या फोटोंचं बॅनर लागलं. आमच्या गल्लीतलं कोणी फिरकलं नाही. मामा म्हणाले, "त्यांच्या मांडवात मी दंड उघडा करणार न्हाई." दुसरा कॅम्प आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या सभामंडपात झाला, तेव्हा त्यांची गल्ली घरात बसली. सुई घेतली की माणूस दोन वर्षांत जातो, अशी आवई उठली होतीच. दोन्हीकडच्या लोकांना ती सोयीची पडली.

त्या दुसऱ्या कॅम्पच्या दिवशी दुपारी आरोग्यसेविका आमच्याकडे आली. सगळे तिला सिस्टर म्हणतात. निळी पेटी खांद्यावरून उतरवून ती ओट्यावर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, दमली असेल. मग लक्षात आलं, ती दारावर आली होती. तीन महिन्यांत पहिलीच. मामा आत झोपले होते, म्हणून पतीचं सगळं मीच सांगितलं, तिनं ऐकलं आणि चहा घेतल्यावर तिनं स्वतःचं सांगितलं. एका बाटलीत दहा जणांचे डोस. एकदा फोडली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय ती बाटली फोडत नाही आणि आमच्या गावात दोन्ही वेळा दहा माणसं जमली नव्हती. वरून निरोप आला होता की आणखी एकदा असं झालं तर गावाची पाळी शेजारच्या गावाला द्यायची. मग ज्याला हवी त्यानं घनसावंगीला जावं. मामांना गुडघ्यांमुळे काळीपिवळी जीप चढता येत नाही. आणि चढता आली असती तरी ते गेले नसते.

ती गेल्यावर मी ओट्यावर बसून राहिले. गावात एकच दार असं असतं जिथं कोणी पॅनल पाहत नाही, ते म्हणजे मयत झालेलं दार. कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा दारावर येतात. न आलेल्याला गाव नावं ठेवतं. आमच्या दारावर यायचं अख्ख्या गावाचं राहिलेलं होतं. आणि सुई घेतल्यावर अर्धा तास बसावं लागतं. दारावर माणूस तेवढाच बसतो.

कॅम्प आमच्या घरी घेता येईल का, हे सिस्टरनं डॉक्टरांना विचारून घेतलं. मी दोन्ही गल्ल्यांत निरोप धाडला. काही लपवलं नाही: गुरुवारी आम्ही दारावर बसणार आहोत, ज्यांचं यायचं राहिलं त्यांनी यावं, आतल्या खोलीत सिस्टर असेल, ज्याला घ्यायची त्यानं घ्यावी.

मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "माझ्या लेकाच्या दुखवट्यात तुला कॅम्प सुचून राह्यला?"

मी त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नाही, तेव्हाही नाही. म्हटलं, "मामा, मला या दारावर दुसऱ्यांदा बसायचं न्हाई."

ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, लोक येणार असतील तर ते बसतील. नुसते बसतील. सुईचं नाव त्यांच्यापाशी काढायचं नाही.

गुरुवारी मी ओटा सारवला, सतरंज्या लांब लांब टाकल्या. पहिल्या बाया आल्या. आमच्याकडे बाया गळ्यात पडून रडतात. त्या दिवशी तोंडाला पदर लावून, हातभर लांब उभ्या राहून रडल्या आणि मीही तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडले. सरपंचबाई स्वतः आल्या, त्यांच्या गल्लीतल्या बायांना घेऊन. रडणं ओसरल्यावर त्यांनीच आत जाऊन दंड पुढे केला, मग बाकीच्या उठल्या. दहा झाल्या आणि सिस्टरनं बाटली फोडली. तिचा तो एवढासा आवाज मी चुलीपाशी ऐकला. एक म्हातारी हात न्याहाळत म्हणाली, "मतदानाची शाई बी डाव्यालाच, सुई बी डाव्यालाच. ह्या हाताला मेलं सुख न्हाई." दुःखाच्या घरात हसायचं नसतं म्हणून सगळ्यांनी पदर तोंडाशी नेले.

पुरुषांपैकी काहीजण आधीच सांगत होते, आम्ही फक्त दारावर आलोत. ते बसले. मामा सांगत होते, पण वरवरचं: ताप आला, जालन्याला नेलं, ऑक्सिजन लावला, न्हाई राह्यला. बसलेल्यांतले दोघे-तिघे उठून आत गेले आणि दंडावर कापूस दाबत परत येऊन त्याच जागी बसले. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दुपार कलल्यावर सरपंचबाईंचे सासरे आले. हातात काठी, तोंडाला टॉवेल. ते दुसऱ्या टोकाला बसले, काठी आडवी ठेवली आणि रीतीप्रमाणे गप्प राहिले. मी दाराच्या आत उभी होते. मला वाटलं, मामा बोलणारच नाहीत. पण दारावर आलेल्याला सांगावंच लागतं.

"ताप आल्ता," मामा म्हणाले. "ती सून म्हणत व्हती, दवाखान्यात चला, तपासून घ्या. मीच न्हाई म्हणलो. चार दिवस घरात ठेवला त्याला. म्हणलो, गावात बोभाटा व्हईल. तुमचे लोक म्हणतील, यांच्याच घरातून रोग आला. निवडणूक हरले अन् वरून हे."

हे मला माहीत होतं. ते चार दिवस मी त्या घरात होते. पण मामांनी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि आता काढलं ते ज्याच्या धाकानं केलं त्याच्याचसमोर. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. सरपंचबाईंचे सासरे काय म्हणतात यावर पुढचं सगळं होतं. 'तसं कोण म्हणलं असतं' असं ते म्हणाले असते, तर ते खोटं ठरलं असतं, आणि मामा उठून आत गेले असते.

ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "आम्ही म्हणलोच असतो."

एवढंच. मामांनी मान हलवली, दोनदा. मग उपरण्यानं डोळे पुसले.

ते म्हातारे उठले, काठी तिथेच ठेवून भिंतीच्या आधारानं आत गेले. सिस्टरनं नाव विचारलं, आधार कार्ड पाहिलं, सुई दिली. बाहेर आले ते आधीच्या टोकाला गेले नाहीत. मामांपासून दोन हातांवर बसले आणि दंड दाबत म्हणाले, "अर्धा तास उठू देत न्हाई म्हणती ती. तू बी घेऊन ये. दोघं बसू."

"मी म्हणलो व्हतो, तुमच्या मांडवात दंड उघडा करणार न्हाई."

"मंग हा मांडव कोणाचा हाये?"

मामांनी वर पाहिलं. वर पत्रे होते, माझ्या पतीनं मागच्या दिवाळीत टाकलेले. मग त्यांनी माझ्याकडे हात केला, उठवायला. मी त्यांना आत नेलं. मी तोंड फिरवलं नाही. सुई आत जाताना पाहिली. त्या वर्षात पाहिलेल्या सगळ्या सुयांत ती एकच मला चांगली वाटली.

नंतरचा अर्धा तास दोघे शेजारी बसले. विहिरीवरचं आंब्याचं झाड यंदा फळलं की न्हाई, एवढं एकानं विचारलं, दुसऱ्यानं सांगितलं. मी कोरा चहा दिला. आणखी माणसं आली, बसली, आत गेली. दुसरी बाटली कधी फुटली ते मला कळलंही नाही.

वेळ झाली तसे सरपंचबाईंचे सासरे उठले. चपला पायांत सरकवल्या, कोणाकडे न पाहता निघाले. आतून सिस्टरनं आवाज दिला, "आजोबा, दुसऱ्या डोसला यायचंय बरं का. मॅडम हो म्हणाल्या तर इथंच."

ते फाटकाशी थांबले. ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या, कारण दारावरून उठताना जे म्हणायचं नसतं तेच आता म्हणावं लागणार, हे प्रत्येकाला कळलं होतं.

"येतो मंग," ते म्हणाले.

मामांनी दंडावरचा कापूस काढून पाहिला, परत दाबला.

"ये," ते म्हणाले. "सकाळीच ये. मी बसलेलाच असतो."