मातीला कॅशलेस चालतं का?

काही नोकऱ्यांत पगार साठत नाही, किस्से साठतात. माझी ही नोकरी त्यातलीच. डहाणूहून कासाकडे जाताना चिकूच्या वाडीत एक निसर्गोपचार केंद्र होतं, तिथे मी चार-पाच वर्षं काउंटरवर बसले. आधी मामाच्या विमा एजन्सीत काम केलेलं, म्हणून केंद्राच्या डॉक्टर चुरी मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "वर्षा, माती, पाणी, ऊन आणि उपास मी बघते. पॉलिसीचं तू बघ."

मला वाटलं, माझं काम सोपं आहे. कारण तेव्हाच्या बहुतेक पॉलिसींत निसर्गोपचार बसतच नसे. "नाही बसत, स्वतःचे भरा" एवढंच तर सांगायचं. पण माणसाने वर्षानुवर्षं हप्ते भरलेले असले की हे वाक्य त्याच्या कानात शिरतच नाही. तो म्हणतो, "फोन तरी करून बघा."

मग मी फोन करायची.

* * *

पहिला फोन मला अजून आठवतो. तलासरीच्या एका दुकानदाराची पाठ धरली होती. पंधरवडाभर राहायचं ठरलं आणि त्याने कार्ड पुढे केलं. मी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"पेशंटला कोणतं औषध चालू आहे, मॅडम?"

"माती."

"स्पेलिंग सांगाल?"

मी सांगितलं. तिने लिहून घेतलं.

"टॅब्लेट की इंजेक्शन?"

"पोटावर आणि पाठीवर लावतो. पट्टी."

"ओके. बॅच नंबर आणि एक्स्पायरी डेट?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. चाळलेल्या मातीचा ढीग उन्हात पडला होता, त्यावर कोंबडी बसली होती. मी म्हटलं, "अहो, ही जमिनीतली माती आहे. डोंगराएवढी जुनी. खराब व्हायची असती तर केव्हाच झाली असती."

पलीकडे थोडा वेळ नुसती टाइप केल्याची टकटक ऐकू आली.

"म्हणजे मॅडम, एक्स्पायर्ड लिहू का?"

* * *

त्याच सुमारास पालघर जिल्हा नवा झाला होता. आमच्या पावत्यांवर छापखान्याने उत्साहाने 'जिल्हा पालघर' छापलं. पेशंट लोकांच्या कार्डांवर मात्र 'जिल्हा ठाणे'. कंपन्यांच्या कॉम्प्युटरांतही ठाणेच.

एकदा एका बाईंचा अर्ज परत आला. मी फोन केला तेव्हा एका साहेबांनी मला फैलावर घेतलं.

"तुमचं केंद्र आमच्याकडे ठाणे जिल्ह्यात नोंदलेलं आहे. पावती पालघरची. तुम्ही न कळवता दवाखाना हलवलात?"

"नाही सर. दवाखाना तिथेच आहे."

"मग हललं काय?"

"जिल्हा."

साहेबांनी पलीकडे कागद चाळले. मग म्हणाले, "तसं पत्र द्या."

"कोणाकडून आणू? जिल्ह्याकडून?"

त्यांनी फोन ठेवला. चुरी मॅडम शेजारीच उभ्या होत्या. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि त्या दिवशी एक कपभर कोमट पाणी मीच त्यांना पाजलं.

* * *

जयंतीभाई उंबरगावचे. कापडाचं दुकान, वजन भरपूर, स्वभाव त्याहून मोकळा. त्यांची पॉलिसी चालणार नाही हे त्यांना दोन मिनिटांत पटलं. धंद्याचा माणूस. "बेन, नाय बसत तर नाय बसत. रोकडा भरतो." मला वाटलं, किती समजूतदार गृहस्थ.

मॅडमनी त्यांना लिंबूपाण्यावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते काउंटरवर आले.

"बेन, पॅकेजमध्ये खाण्याचे पैसे धरलेत?"

"राहणं, खाणं, उपचार, सगळं धरून आहे."

"पण मी तर खाल्लंच नाय."

"उपास हाच तुमचा उपचार आहे, जयंतीभाई."

"माझ्या दुकानात गिऱ्हाईकानं कापड घेतलं नाय तर मी न घेतल्याचे पैसे मागत नाय."

मी मॅडमना बोलावलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "जेवण इथे फुकटच आहे. पैसे तुम्हाला जेवणापासून लांब ठेवण्याचे. ते अवघड काम आहे." जयंतीभाईंनी विचार केला, मान डोलावली आणि गेले.

दोन-तीन दिवसांनी पुन्हा आले. या वेळी आवाज खाली.

"बेन, घरी गेल्यावर मी कंपनीकडे अर्ज करून तर बघणार. उपचाराच्या काळातला बाहेरचा खर्च दाखवता येतो?"

"बाहेरचा म्हणजे? तपासण्या?"

"नाय. चारोटी नाक्याच्या ढाब्याचा."

मॅडम त्यांच्या मागेच उभ्या होत्या. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण जयंतीभाईंना खुणा कळत नसत. मॅडमनी विचारलं, "उपास चालू असताना?"

जयंतीभाई वळले. घाबरले नाहीत. छातीवर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टरबेन, पथ्य पूर्ण पाळलं. लस्सी बिनसाखरेची घेतली."

* * *

आमच्या इथे पॉलिसी चालल्याचं एकमेव उदाहरण म्हणजे प्रकाश राऊत. बोईसरकडच्या एका कारखान्यात फिटर. त्याच्या कारखान्याने कामगारांसाठी घेतलेल्या सामूहिक पॉलिसीत एका कलमात निसर्गोपचार धरला होता. मी ते कलम तीनदा वाचलं, मग मॅडमना वाचून दाखवलं, मग मालीश करणाऱ्या किसनलाही. प्रकाशला संधिवात होता. रजा संपत आली होती, आणि हे पैसे आले नाहीत तर उपचार अर्धा टाकून कामावर जावं लागणार होतं. त्यामुळे आम्ही सगळेच त्या अर्जाकडे डोळे लावून बसलो होतो.

कंपनीने माणूस पाठवला. पेशंट खरंच दाखल आहे की कागदावर, हे बघायला. साहेब मुंबईहून आले, बूट, टाय, हातात प्रकाशचा फोटो. नेमकी मातीलेपाची वेळ. पुरुषांच्या बाजूला चटयांच्या आडोशामागे पाच-सहा जण डोक्यापासून पायापर्यंत मातीत माखून उन्हात आडवे, डोळ्यांवर मातीची पट्टी. साहेब फोटो घेऊन एकेकापाशी वाकले. सगळे सारखेच.

शेवटी त्यांनी हाक मारली, "प्रकाश राऊत कोण?"

दोन हात वर आले. आमच्या भागात प्रकाशांना तोटा नाही आणि राऊतांना तर नाहीच.

"कारखान्यातला कोण? बोला."

किसन धावत पुढे झाला. "साहेब, बोलवू नका. तोंडावरची माती तडकते, मग परत लावायला लागंल."

"मग ओळखू कसा?"

"वाळू द्या. धुतला का दिसंल."

साहेब चिकूखाली खुर्ची टाकून बसले. नुसते बसलेत म्हणून मॅडमनी त्यांचं ब्लडप्रेशर पाहिलं. ते पाहून मॅडमच्या कपाळाला आठी पडली. रात्री झोप नाही, जेवायला वेळ नाही, रोज नव्या गावात नवा माणूस खरा की खोटा ते बघायचं. साहेब बोलत गेले, मॅडम ऐकत गेल्या. प्रकाश धुऊन बाहेर आला तेव्हा साहेबांचा टाय झाडाच्या फांदीवर होता आणि किसन त्यांच्या कपाळाला माती लावत होता.

प्रकाशचा अर्ज मंजूर झाला. खोली मंजूर, मालीश मंजूर, मातीचे पैसे तेवढे कापले. 'औषध नव्हे' असा शेरा होता.

साहेब मात्र पुढच्याच महिन्यात आठवडाभर राहायला आले. मी सवयीने विचारलं, "पॉलिसी आहे का, साहेब?"

"आहे ना. आमच्याच कंपनीची."

"मग?"

साहेबांनी खिशातून पाकीट काढलं. "त्यात हे बसत नाही."

* * *

पुढे डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. ते दिवस काही गमतीचे नव्हते. धुंदलवाडीकडची माणसं थंडीत घराबाहेर झोपत. आमच्या किसनने बायकोमुलांना अंगणात मांडव घालून ठेवलं होतं आणि तो कामावर आला तरी कान घराकडे लागलेले. आम्हीही पेशंटना सांगून ठेवलं होतं, जरा हललं की बाहेर पळा.

पण मुंबईच्या एक बाई त्या दिवशी सकाळीच आल्या होत्या आणि त्यांना सांगायचं राहून गेलं. त्या कटिस्नानाच्या टबात बसल्या होत्या. स्वतः पैसे भरणाऱ्या, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा दर आधी विचारून घेणाऱ्या. वाफ केवढ्याला, पट्टी केवढ्याला, टॉवेल त्यात धरला का.

धक्का आला. खिडक्यांची तावदानं थरथरली. आम्ही सगळे बाहेर. मॅडमनी माणसं मोजली, बाई नाहीत. मॅडम आणि मी उलट्या पावली आत धावलो. बाई टबात डोळे मिटून निवांत. पाण्यावर अजून बारीक लाटा होत्या.

"चला, बाहेर चला," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी एक डोळा उघडला. "बरं वाटत होतं हो. का बंद केलंत? हे व्हायब्रेशन पॅकेजमध्ये आहे की त्याचे वेगळे पडतात?"

मॅडमनी त्यांना चादरीत गुंडाळून बाहेर आणलं. खरं काय ते कळल्यावर बाईंनी मॅडमचा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. टबाचे पैसे मॅडमनी घेतले नाहीत.

* * *

आता वसंत गुरुजींचं सांगते.

गुरुजी बोर्डीकडचे, निवृत्त शिक्षक. ताठ कणा, पांढरा लेंगा-झब्बा, आणि आयुष्यात साधी सर्दीही नाही. पॉलिसी माझ्या मामानेच त्यांना विकलेली, नवराबायको दोघांची मिळून. हप्ता कधी चुकवला नाही आणि क्लेम कधी केला नाही. कुमुदकाकूंचे गुडघे मात्र पार गेले होते. काठी असूनही दोन पायऱ्या चढायच्या तर त्या आधी आधाराला भिंतीकडे बघत.

काकूंना दाखल करायला आणलं तेव्हा गुरुजी खुशीत होते. अखेर कंपनीकडून काहीतरी वसूल होणार. मी पॉलिसी उघडली आणि नको ते कलम वाचून दाखवलं. नेचर क्युअर, स्पा आणि तत्सम ठिकाणचा खर्च मिळणार नाही.

"स्पा?" गुरुजींना खर्चापेक्षा तो शब्द लागला. "हिच्या गुडघ्यांना तुम्ही स्पा म्हणता?"

"मी नाही, गुरुजी. कंपनी म्हणते."

"मग मिळतं तरी कशाला?"

"हॉस्पिटलात दाखल व्हावं लागतं. मोठा आजार, ऑपरेशन, अपघात."

"हिला अपघात झालेला नाही आणि मला आजार होत नाही." गुरुजी उठले. "चल गं, घरी जाऊ."

काकू उठल्या नाहीत. "तुम्ही जा. मी राहते. घरच्या वाडीतल्या भाजीचे माझे पैसे आहेत."

गुरुजी रागावून गेले, पण रोज संध्याकाळी स्कूटरवरून येत. काकूंशी बोलत नसत, मला कलमं विचारत. पडून हाड मोडलं तर? हो, चालतं. दाखल व्हावं लागलं तर? हो, कार्ड दाखवायचं. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला चिंता असते.

काकूंचे गुडघे हळूहळू सुटत होते. वाफ, माती, मालीश, सकाळी वाडीत फेऱ्या. एका संध्याकाळी त्या ओट्यावर उभ्या राहून गुरुजींची वाट बघत होत्या. गुरुजी आले, पायरी चढले, आणि कसे कोण जाणे, चढलेल्या पायरीवरून खाली गेले. मनगटावर पडले.

त्यांच्यापाशी सगळ्यांत आधी पोचल्या त्या काकू. दोन पायऱ्या उतरून, अंगण ओलांडून, भिंतीकडे न बघता. काकूंना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "लागलं का हो?" म्हणत त्या जमिनीवर बसल्या, गुडघे दुमडून. मॅडम माझ्याकडे आणि मी मॅडमकडे बघत राहिलो. गुरुजी कळवळत होते, पण तेही काकूंच्या गुडघ्यांकडेच बघत होते.

हाड मोडलं होतं. डहाणूच्या हॉस्पिटलात दाखल केलं, मनगटाचं ऑपरेशन झालं. कार्ड दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी मंजुरी आली, एकही शंका न काढता.

घरी सोडल्यावर गुरुजी पहिले आमच्याकडे आले. हात गळ्यात, दुसऱ्या हातात पेढ्यांचा बॉक्स. पेढे मॅडमना, किसनला, वाफेच्या पेटीतून नुसतं डोकं बाहेर काढून बसलेल्या पेशंटलाही. बढती मिळाल्यासारखा चेहरा.

माझ्यापाशी आले तेव्हा मी म्हटलं, "दुखतंय का, गुरुजी?"

"दुखतंय ना." आवाजात समाधान होतं. मग ते काउंटरवर वाकले. काकू ओट्यावर किसनशी बोलत होत्या, काठीशिवाय. गुरुजींनी तिकडे एकदा पाहून घेतलं आणि हळूच विचारलं,

"वर्षा, एकाच वर्षात दुसरा हात चालतो का?"