गवतमामाची वाट

समुद्राकाठच्या वाळूच्या टेकाडावर जो राखणदार होता, त्याला सगळे गवतमामा म्हणत. कुणी गवतावर पाऊल टाकलं, की हा माणूस लांबूनच बोंब ठोकायचा. नवपरिणीत जोडपं असो की कुत्रा फिरवायला आलेले डॉक्टर, कुणाचा मुलाहिजा नाही. एकदा तर त्याने आपल्या साहेबांनाच बूट हातात धरून मागे फिरायला लावलं होतं.

तो कामाला लागला तेव्हा हे टेकाड दरवर्षी पाच-सहा पावलं आत सरकत होतं. वारा समुद्राकडची वाळू उचलायचा आणि माथ्यावरून पलीकडे लोटायचा. पलीकडे शेवटचं घर त्याच्या थोरल्या बहिणीचं. मेहुणे वारलेले, मुलगी लांब शहरात. घर सोड म्हणून लोक ताईच्या मागे लागले, तेव्हा गवतमामा म्हणाला, "मी आहे ना. एक कण येऊ देणार नाही." आणि कंबर कसून कामाला लागला. काटक्यांची कुंपणं घातली, त्यांच्या आडोशाला वाळू साठली, तिच्यात हात-हात अंतरावर गवताचे ठोंब खोवले. वाळू गवताला गाडायची, गवत पुन्हा डोकं वर काढायचं, मुळं खोल जायची. टेकाड उंच होत गेलं, पण सव्वीस वर्षं जागचं हललं नाही.

मग तीन दिवस वादळ झालं. चौथ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला.

"अरे, स्वयंपाकघराचं मागचं दार उघडत नाहीये."

टेकाडाच्या समुद्राकडच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या चौकीचं दार उघडून तो बाहेर आला आणि खिळल्यासारखा उभा राहिला. समोर ताईच्या घराचं छप्पर दिसत होतं. चौकीतून ते कधीच दिसत नसे, मध्ये टेकाड होतं. आता त्या टेकाडाला बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं होतं. डावीउजवीकडचं गवत मात्र जसंच्या तसं होतं.

तो खिंडारातूनच धावत गेला. वाळू खिडकीपर्यंत चढून आत घुसली होती. फावड्याने दार मोकळं करून आत शिरला, तर ताई टेबलावर पाय वर घेऊन बसलेली आणि खाली गुडघाभर वाळू. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोण मेला चालत होता तिथून? टेकाड उगाच फुटत नाही, ताई! रोज तुडवून तुडवून गवत मरतं, तेव्हा वाऱ्याला तोंड सापडतं. डॉक्टरांचा कुत्रा असणार, नाहीतर कुणी मेंढपाळ. मी सोडणार नाही त्याला!"

ताई हळूच म्हणाली, "रोज अकरा वाजले की मी आधण ठेवते. माथ्यावर तुझं डोकं दिसलं की चहा टाकते. सव्वीस वर्षं ते एकाच जागी दिसतंय, रे. आज खिंडार पडलंय तिथेच."

"पण मी तर गवत बघायलाच..."

त्याने खाली आपल्या जाड तळाच्या बुटांकडे पाहिलं. सगळ्यांना ओरडणाऱ्या या माणसाला स्वतःची वाट कधी वाट वाटलीच नव्हती.

दुपारी साहेब येऊन बघून गेले. खिंडार बुजेल, म्हणाले, पण गवत धरायला तीन वर्षं लागतील, तोवर या घरात राहता येणार नाही.

"तीन वर्षांनी मी सत्याहत्तर वर्षांची होईन," ताई म्हणाली. "जाते मी लेकीकडे. तू रडू नकोस, गवत लाव."

तो रडतोय हे त्याला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

ताई लेकीकडे गेली त्या आठवड्यात त्याने खिंडारात कुंपणं रोवली, ठोंब लावले. शेवटी 'गवतावर पाय ठेवू नये' ही पाटी ठोकली. टेकाडावरच्या सगळ्या पाट्यांची तोंडं गावाकडे, येणाऱ्या लोकांकडे होती. हिचं मात्र त्याने आपल्या चौकीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्याचे पाय आपसूक निघाले. पाटीपाशी आल्यावर तो थांबला, अक्षर न् अक्षर वाचलं, आणि मागे फिरला.