नापास पोरांचे मामा

बारावीच्या गुणपत्रिका वाटायच्या दिवशी आमच्या कॉलेजच्या फाटकाशी मामा भजीचा पुडा घेऊन उभे असत. पास झालेल्यांकडे ते ढुंकूनही पाहत नसत. तोंड पाडून बाहेर पडणारा मुलगा दिसला, की त्याच्या हातात गरम भजी ठेवत आणि मला म्हणत, "सर, पास झालेली पोरं तुमची. नापास झालेली माझी."

केजच्या एसटी स्टँडसमोर त्यांचा भजी-वडापावचा गाडा होता. नाव विचारायची वेळ कुणावर आली नाही; सगळा तालुका मामाच म्हणायचा. तुम्ही कधी तिथे उतरला असाल, तर त्यांचा एखादा वडा तुमच्याही पोटात गेला असेल. हाताला चव होती, गिऱ्हाईक होतं, नव्हतं ते कामाला पोरगं. एखादं मिळे, पावसाळाभर कांदा चिरायला, प्लेटा द्यायला शिके, आणि दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊसतोडीला जाई. टोळीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर गाड्यावरूनच जायचा. वर बसलेलं पोरगं हात हलवायचं आणि खाली मामा हातातला झारा.

मग पाळी गिऱ्हाइकांवर येई. "सर, उठलाच तर तेवढ्या दोन प्लेट त्या बाकड्यावर द्या." एकदा मी आमच्या प्राचार्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि साखर कमी आहे म्हणून मलाच परत पाठवलं.

पुढे दुष्काळ पडला. ऊस वाळला, कारखान्यांचं गाळप लवकर आटोपलं आणि टोळ्या माघारी आल्या. एका सकाळी गाड्यापुढे सात पोरं कामाला हजर. इतकी वर्षं पोरासाठी हिंडलेले मामा नाही कसे म्हणणार? सगळ्यांना ठेवून घेतलं. गिऱ्हाईक मात्र आम्ही तीन-चारच, तेही प्यायचं पाणी घरून आणणारे. एक वडा द्यायला तिघं धावत येत. धंदा बुडताना मामांना दिसत होता, पण पहिला घाणा पोरांचा. "खा बे," एवढंच म्हणायचे. मला त्या दिवसांत या माणसाचा फार अभिमान वाटायचा.

पुढच्या साली पाऊस झाला, सहकारी कारखान्यांचे बॉयलर पेटले आणि दिवाळीनंतर सातही जण ऊसतोडीला निघायच्या तयारीला लागले. मामांचा खांदा तोवर पार धरला होता. कढई एकट्याने उतरत नव्हती. "सर, आता गाडा मोडायचा, न्हाई तर..."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गाड्यापाशी थांबला. पोरांनी आधी कढई वर चढवली, मग शेगडी, मग मामांना.

"पोरं कारखान्याला, तर भजी बी कारखान्याला," ते वरून म्हणाले.

ते परत आलेच नाहीत, कारखान्यावरच राहिले. त्यांच्या जागेवर आता मोबाइलचं दुकान आहे, आणि स्टँडवर उतरलो की मला अजून चुकल्यासारखं होतं.

त्या उन्हाळ्यात टोळी परतली तेव्हा सातांतला एक जण भेटला. मी विचारलं, "काय रे, मामा तिकडंही प्लेटा उचलायला लावतात का?"

"न्हाई सर. सांजच्याला फडातून आलो की आमाला बाकड्यावर बसवतात. खांदा लई दुखतो त्यांचा, पण प्लेट सोताच आणून देतात. हात लावाया गेलं की वरडतात, 'बसा बे, दमून आलात.'"