चालतेसाहेब

आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरच्या तोंडात माणसांसाठी एकच शब्द होता, 'चालते'. जीव तोडून काम करा नाहीतर नुसत्या पाट्या टाका, साहेब चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, "चालते." नागपूरजवळच्या हिंगण्याच्या त्या कारखान्यात आम्ही सगळे त्यांना चालतेसाहेबच म्हणायचो. अर्थात पाठीमागे.

त्यांना कौतुक करता येत नव्हतं, असं मात्र कोणी म्हणू नये. गेटसमोरच्या टपरीवर तर्री-पोहे खाताना ते मिटक्या मारत ओरडायचे, "वाह! एक नंबर बनवले ना बे!" स्वतःच्या नव्या बुटांनाही एक नंबर. म्हणजे शब्द होता मेल्याकडे. फक्त आमच्यासाठी बाहेर काढायचा नव्हता.

एकदा मी विचारलंच, "साहेब, आमच्या कामाले एक नंबर काहून नाही म्हणत तुम्ही?"

"डोक्यावर चढता तुम्ही लोक," ते म्हणाले. "पोहे थोडीच चढतात?" आणि स्वतःच खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढे पॅकिंग लाइनच्या इन्चार्जची जागा निघाली. मला ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती. दिवाळीत निम्मे लोक गावी गेले, तेव्हा ती लाइन मीच ओढली होती आणि एकही ट्रक अडू दिला नव्हता. वार्षिक मूल्यमापनाला पुण्याच्या हेड ऑफिसातून मॅडम आल्या. त्यांनी माझ्यासमोरच साहेबांना विचारलं, "वंदनाताईंचं काम कसं आहे?"

देवा, आज तरी! साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"चालते."

नागपूरच्या 'चालते'मध्ये काय काय मावतं, ते पुण्याच्या बाईला काय कळणार? त्यांनी मान डोलावली आणि पुढचं नाव घेतलं. इन्चार्ज बाहेरून आला. त्याला लाइन शिकवायचं काम कोणाच्या गळ्यात पडलं, हे सांगायला हवं का? मी तोंड पाडून बसले, तर साहेब म्हणतात, "मी कुठी वाईट बोललो तुह्याबद्दल?"

यंदा साहेब रिटायर झाले. कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ होता. शाल, श्रीफळ आणि त्यांच्या आवडीचे तर्री-पोहे. लाइनतर्फे बोलायला माझं नाव पुकारलं. मी खुर्चीजवळून जाताना साहेब हळूच म्हणाले, "वंदना, जरा चांगलं बोलजो वं. घरचे आले आहेत."

मी माइक हातात घेतला. "साहेबांचं काम चालते," मी म्हटलं. "पोहे मात्र एक नंबर."

अख्खं कॅन्टीन हसलं. साहेबांची बायकोसुद्धा पदराआड हसत होती. साहेब तेवढे हसले नाहीत. मला वाईट वाटलं का? छे! अजिबात नाही.

निघताना ते गेटपाशी थांबले. हातातला नारळ उगाच या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "मले वाटलं होतं, आज तरी तू चांगलं बोलशील."

"मलेही वाटलं होतं, साहेब," मी म्हटलं. "त्या दिवशी, मॅडमसमोर."